कावड धरणारी माणसं

माय, तुला वाचता येत नव्हतं हे मला लिहायला बसल्यावर आठवलं. मग वाटलं, राहू दे, कुणाला दाखवायचं आहे? उठलो, दोन घोट पाणी प्यालो, अंगणात जाऊन आलो, आणि परत येऊन बसलो. मी तरी कुठला शिकलेला? निजामाच्या उर्दू शाळेत चार इयत्ता, आणि मराठी पुढं दुकानांच्या पाट्या आणि पोथ्या वाचून माझं मीच शिकलो. ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल. पण गेल्या शिवरात्रीपासून जिवाला स्वस्थता नाही. आपल्या गावावरून औंढ्याला जाणारी पोरं गेली. कावडी होत्या, मागं टेम्पो होता, टेम्पोवर कर्णा लावलेला. चहाला थांबली तेव्हा त्यांनी लोखंडी घोडे काढले, कावडी त्यांच्यावर ठेवल्या आणि सगळे मोकळे झाले. मी काठी टेकत जवळ गेलो आणि घोड्यांच्या पायांकडं बघत राहिलो. एक पोरगा म्हणाला, "आजोबा, काय पाहायलाव?" काय बोलणार? हे घोडे तुला सुचले असते तर आपले ते दिवस निराळे गेले असते. पण मग ती माणसंही भेटली नसती.

नवस तू कोणत्या शब्दांत बोललीस ते मला पाठ आहे, कारण तू मला तो इतक्यांदा ऐकवलास. मी लहान होतो, मुदतीचा ताप आला होता, डोळे फिरवले होते, वैद्यानं हात झटकले होते. तू चुलीपुढं पदर पसरून म्हणालीस, नागनाथा, माझं लेकरू वाचू दे. मोठा झाला की गंगेचं पाणी स्वतःच्या खांद्यावर घेऊन तुझ्याकडं येईल, कावड भुईला टेकणार नाही, आणि आमच्या घरच्या दुसऱ्या कुणाचा खांदा तिला लागणार नाही. वडील, म्हणजे आपले दादा, तेव्हा दारात उभे होते. ते म्हणाले, "एवढं कडक कशाला बोललीस? देव काय निजामाचा गिरदावर हाय का, कलम लावून बसायला?" तू म्हणालीस, "सोपं बोलले तर सोपंच देईल." मग मी वाचलो आणि नवस राहून गेला. आधी माझा खांदा कोवळा होता म्हणून, मग दादांचा बैल गेला म्हणून, मग असाच. मिसरूड फुटल्यावर एका पावसाळ्यात मला पुन्हा तसाच ताप आला. तू रात्रंदिवस उशाशी बसलीस आणि ताप उतरला त्या दिवशी कुणाला न विचारता सांगून टाकलंस, "ह्या शिवरात्रीला पानी गेलं पायजे. न्हाई गेलं तर पुढची शिवरात्र ह्याला दिसायची न्हाई." तू हे मला ऐकू जाईल असं बोललीस. तेव्हापासून मला छातीत धडधड व्हायला लागली ती आजवर पुरती गेली नाही. लोकांना नवस तुझा वाटायचा, पण जीव माझा होता.

दादांनी सोनपेठकडच्या आपल्या गावाहून गाडीतून आपल्याला गंगाखेडला आणून सोडलं आणि लगेच बैल फिरवले. ज्वारी काढणीला आली होती, त्यांना थांबून चालणार नव्हतं. परत येताना रेल्वेनं यायला म्हणून त्यांनी तुझ्या हातावर तिकिटापुरते निजामाचे हाली पैसे ठेवले. मी घाटावर आंघोळ केली, तांब्याच्या दोन कळशा गंगेत बुडवून भरल्या, तू त्यांच्या तोंडाला फडकी बांधलीस, आणि बांबू माझ्या खांद्यावर आला. मोठ्या दिंडीसारख्या कावडी औंढ्याला जायच्या, दहा-दहा माणसं आळीपाळीनं धरायची. आपण दोघंच होतो. चूक कुठं झाली ते दुपारी कळलं. तू विहिरीजवळच्या लिंबाखाली भाकरी सोडलीस, कांदा फोडलास, आणि मला म्हणालीस, "बस की." मी म्हणालो, "कसा बसू?" तू माझ्याकडं बघितलंस, कावडीकडं बघितलंस, आणि भाकरी हातात तशीच राहिली. तुझा खांदा चालत नव्हता, तू घरची. भुईला टेकायची नव्हती. मी म्हणालो, झाडाला टांगू. तू म्हणालीस, "झाडाच्या मुळ्या भुईतच असत्यात ना?" इतकी वर्षं तो नवस तू रोज घोकलास, पण त्यात जेवण, झोप, लघवीला जाणं यांना जागा ठेवायची तुला आठवण झाली नव्हती. मग तू उभी राहून मला घास भरवायला लागलीस. मी एवढा थोरला, खांद्यावर कावड, आणि आई घास भरवते आहे.

विहिरीवर एक म्हातारा मोट हाकत होता. तो बैल थांबवून आपल्याकडं बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "काय वो बाई, नवरदेव हाय का काय? बसून जेवू द्या की त्याला." तू त्याला सगळा नवस सांगितलास. तो इतका हसला की त्याला खोकला आला. "देवासंगं बोलताना दम तरी घ्यायचा, बाई! आता पोरगं हगायला कसं जाणार?" तू रडायच्या बेताला आलीस. तेव्हा त्यानं नाडा बैलाच्या मानेवर टाकला, पंच्याला हात पुसले आणि म्हणाला, "म्या तुमच्या घरचा हाय का?"

"न्हाई."

"मग आना हिकडं."

मला तर हे इतकं सोपं वाटलं की रागच आला. पण तू लगेच दिली नाहीस. तू विचारलंस, "कोणाचे तुमी?" तेव्हा सगळे असंच विचारायचे आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा. म्हातारा म्हणाला, "कुणबीच हाय. तुमचं पानी इटाळत न्हाई." मग तू मान हलवलीस. त्यानं कावड घेतली, आणि मी जेवून, मळ्याच्या पलीकडं जाऊन, हातपाय धुऊन येईपर्यंत तो उभा होता. मी दोनदा वळून बघितलं. तो बैलांशी बोलत होता, "बघा रं, आज मी देवाचा बैल झालो." निघताना त्यानं सांगितलं, पुढच्या गावी मारुतीच्या पारावर भजनी मंडळी असतात, त्यांना माझं नाव सांगा, ते धरतील. नाव त्यानं सांगितलं होतं. ते मला आता आठवत नाही. भजनी मंडळींनी खरंच आळीपाळीनं धरली, पण मला पारावर झोप आली नाही. दर थोड्या वेळानं मी मान वर करून बघत होतो की बांबू कुणाच्या तरी खांद्यावर आहे ना. तुला ठाऊक आहे, मी तसाच आहे. अजूनही दाराची कडी लावून येतो आणि परत जाऊन बघतो.

दुसऱ्या दिवशी परभणीच्या अलीकडं रेल्वेच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा मला उभंही राहवत नव्हतं. खांद्याचं कातडं सोललं होतं, डोळ्यांपुढं पिवळं पिवळं दिसत होतं. ऊन वर आलेलं, वाटेवर माणूस नाही. फाटकाच्या खोलीतून एक माणूस बाहेर आला. रेल्वेचा निळा कोट, खाली लुंगी, दाढीत पांढरे केस. त्यानं मला बघितलं आणि म्हणाला, "अरे बेटा, गिरेगा तू. किधर जारा?" मी म्हणालो, औंढ्याला. मी उर्दू शाळेतला, मी त्याला त्याच्या बोलीत सगळं सांगितलं, नवस, भुई, घरचा खांदा, सगळं. तो ऐकत होता आणि मान हलवत होता. मग तुझ्याकडं वळून म्हणाला, "अम्मा, बडी मुश्कील शर्त लगाए तुम."

तुझे ओठ हलले, पण "कोणाचे तुमी" हे काही बाहेर आलं नाही, कारण उत्तर समोर दिसतच होतं. मला वाटलं, आता ही म्हणेल चल पुढं, आणि मी पुढं चार पावलं टाकून पडेन, आणि पाणी सांडेल, आणि पुढची शिवरात्र. त्यानंही ओळखलं असावं. त्यानं चपला काढल्या, रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, पाय धुतले, खोलीतून एक धुतलेलं फडकं आणून खांद्यावर घातलं, आणि जरा लांबच उभा राहून म्हणाला, "पानी कू मेरा हात नै लगता, अम्मा. बांबू कू लगेगा. चलेगा?"

तू बांबूकडं बघितलंस. मग म्हणालीस, "बांबू तर रानातला हाय. चालंल."

मी त्याच्या खोलीच्या सावलीत आडवा झालो आणि दगडासारखा झोपलो. त्या चारपाच दिवसांत मला तेवढीच खरी झोप लागली. का लागली ते मला कळत नाही. भजनी मंडळींत झोपलो नाही, आणि त्या अनोळखी माणसाच्या हाती माझा जीव देऊन झोपलो. जागा झालो तो भुई थरथरायला लागली म्हणून. गाडी येत होती. वाटलं त्यानं कावड खाली ठेवली असणार, त्याला फाटक लावायचं आहे, ते त्याचं काम आहे. बाहेर धावत आलो आणि बघितलं. तो खांद्यावर कावड घेऊनच एका हातानं फाटक ओढत होता, फाटक जड होतं, तो तिरपा झाला होता, आणि तू त्याच्या बाजूबाजूनं दोन्ही हात कळशीखाली पसरून चालत होतीस, कळशीला हात न लावता, नुसते खाली धरून. फाटक लागलं. त्यानं दुसऱ्या हातात हिरवं निशाण घेतलं. इंजिन धडधडत गेलं, वाऱ्यानं कळशा हलायला लागल्या, त्यानं त्या हेलकाव्याबरोबर अंग वाकवलं आणि सरळ केलं, बैलगाडीत उभा राहिलेला माणूस करतो तसं. डब्यातली माणसं त्याच्याकडं बोट दाखवून हसत होती. गाडी गेल्यावर तू पहिल्यांदा फडकी बघितलीस. एक थेंब नव्हता. त्यानं कावड माझ्या खांद्यावर दिली तेव्हा त्याचा खांदा लाल झालेला मला दिसला. तो म्हणाला, "पहुंचे तो बोलना, हां." तू त्याला एक भाकरी दिलीस. त्यानं दोन्ही हातांनी घेतली.

वाटेत तू मला म्हणालीस, "दादांना सांगू नगंस." मग थोडं चालल्यावर म्हणालीस, "सांगितलं तरी काय व्हतंय?" तू अशीच होतीस, एकदा बोलून परत त्याच्यावरच विचार करत बसायचीस. ते तुझ्याकडूनच माझ्यात आलं.

पुढच्या मुक्कामांनाही पारावर कुणी ना कुणी कावड धरली. औंढ्याचे डोंगर दिसायला लागले त्या दिवशी माझ्या टाचेत बाभळीचा काटा गेला आणि आत मोडला. मी दात खाऊन चालत राहिलो, पण दुपारपर्यंत पाय सुजला आणि अंगात कणकण आली. तुझा चेहरा पडला. तुला वाटलं, हाच तो ताप. देव दारापर्यंत आणून माघारी घेतोय. शिवरात्र दुसऱ्या दिवशी होती. बाजूच्या रानात बाया ज्वारी काढायला लागल्या होत्या. तू बांधावर जाऊन हाक मारलीस, कुणी गडीमाणूस हाय का? एक बाई कमरेला पदर खोचलेली, काळी, उंच, हातात विळा घेऊन आली. "गडी बाजाराला गेलेत. काय पायजे, मावशे?"

तू सांगितलंस. ती म्हणाली, "मंग द्या माझ्याजवळ. माझं घर पुढच्याच गावात हाय, तिथवर नेते."

तू म्हणालीस, "बाईचा खांदा कसा चालंल?"

"का वो? कडब्याचा भारा चालतो, घागर चालती, नवऱ्याचं बोलणं चालतं. नागनाथाचंच पानी जड झालं का?" मागं बाया हसल्या. एकजण ओरडली, "दे गं मावशे, तिला लय हौस हाय, नवऱ्याला बी खांद्यावर घेऊन फिरती!" त्या बाईनं विळा तिच्याकडं फेकला, "धर, माझी पात तू काढ आता." आणि आपल्याकडं वळून हात पुढं केला. ह्या वेळी तू तिला कोणाची म्हणून विचारलं नाहीस. मी लक्ष देऊन बघत होतो. तू नुसती बाजूला झालीस.

ती पुढं चालली. माझ्यासारखी वाकून नाही, मान ताठ ठेवून, कळशा जराही न हलवता. मी काठी टेकत मागं, आणि तू माझ्याही मागं. मग तू पुढं गेलीस, तिच्या बरोबरीनं चालायला लागलीस, आणि म्हणालीस, "तुझा चालतो, मंग माझाच का चालत न्हाई गं?"

ती म्हणाली, "तुमी घरच्या. तुमीच बोलून बसलाव."

"लय जड हाय का?"

"न्हाई वो. पानीच तर हाय."

तू पुन्हा मागं आलीस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्याचा राग आला, कारण माझा पाय दुखत होता आणि मला वाटत होतं की रडायचा हक्क माझा आहे. आता वाटतं, तू मला पोटात वागवलंस, पाठीवर वागवलंस, रानात, दवाखान्यात, सगळीकडं, आणि ज्या ओझ्यावर माझा जीव अवलंबून होता तेवढंच एक तुला उचलता येत नव्हतं. आणि ते तूच स्वतःवर बंद करून घेतलं होतंस. गावात त्या बाईनं सुईनं माझ्या टाचेतला काटा काढला, वर गूळ-चुना लावला, आणि तिच्या सासऱ्यानं सकाळपर्यंत कावड धरली. सकाळी अंगातली कणकण गेली होती. ती आपल्याला वेशीपर्यंत पोचवायला आली आणि तुला म्हणाली, "पुढच्या वेळेला सोपं बोला, मावशे." तू तिला पोटाशी धरलंस. घरात कुणाला तसं धरलेलं मी बघितलं नव्हतं.

देवळात गर्दी होती. गाभाऱ्यात उतरताना पुजाऱ्यानं विचारलं, कावड कोणाची? तू म्हणालीस, "माझ्या लेकाची." पाणी पिंडीवर गेलं. तू डोकं टेकलंस आणि लवकर उठलीच नाहीस. मला वाटलं आता झालं, आता तू हसशील. पण बाहेर आल्यावर तुझी बेचैनी सुरू झाली. "माझ्या लेकाची म्हनाले रं म्या. त्यांची नावंच घेतली न्हाईत." मी म्हणालो, नावं तरी कुठं माहीत आहेत आपल्याला? तू म्हणालीस, "तेच तर. इचारायचं राहिलं." कोणाचे म्हणून विचारायचं तुला सुचलं होतं, नाव विचारायचं सुचलं नव्हतं.

परत येताना परभणीहून गंगाखेडच्या गाडीत बसलो. त्याआधी तू रेल्वेत बसली नव्हतीस. गाडी सुटल्यापासून तू खिडकीला चिकटलीस आणि मला विचारत राहिलीस, "ते फाटक हिकडनंच येतंय ना? ह्याच अंगाला ना?" ते आलं तेव्हा तू अर्धी खिडकीबाहेर गेलीस. मी तुझं लुगडं धरून ठेवलं. तो उभा होता, निळा कोट, हातात हिरवं निशाण, गाडीकडं तोंड. तू जीव तोडून ओरडलीस, "पोचलं! पानी पोचलं! वो दादा, पानी पोचलं!" डब्यातले लोक हसले. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यानं निशाण धरलं होतं तसंच धरलं होतं. तू आत येऊन बसलीस आणि म्हणालीस, "त्यानं मान हलवली." मला ती दिसली नाही. पण तोवर मी तुझं लुगडं धरून खाली बसलो होतो, मला कशी दिसणार?

पुढं रझाकारांचे दिवस आले, मग पोलीस ॲक्शन झाली. त्या भाद्रपदात काय काय ऐकायला येत होतं ते तुला माहीत आहे. एकीकडचे लोक पळत होते ते थांबले आणि दुसरीकडचे पळायला लागले. तू मला म्हणालीस, फाटकावर जाऊन बघून ये. मी घाबरत गेलो. तिथं दुसराच माणूस होता, तरणा. मी विचारलं, पहिले जे होते ते कुठं? तो म्हणाला, "मला ठाव न्हाई. म्या आताच आलोय." खोलीच्या दारापाशी रांजण नव्हता. मी तुला येऊन एवढंच सांगितलं. तू विचारलंस, "बदली झाली असंल का?" मी म्हणालो, "असंल." तू मान हलवलीस आणि जात्यावर बसलीस, आणि दळण संपलं तरी रिकामं जातं फिरवत राहिलीस. त्यानंतर दोन-तीन वर्षांत तू गेलीस. आपण दोघं त्याच्याबद्दल परत कधी बोललो नाही.

मी ऐंशी ओलांडली, माय. तू मागितलं होतंस त्याच्यापेक्षा किती तरी जास्त. दादा गेले, तू गेलीस, माझ्या बरोबरीचे सगळे गेले. कधी कधी मला हिशेबाची भीती वाटते. तू म्हणाली होतीस स्वतःच्या खांद्यावर आणेल. मी काही तसं आणलं नाही. थोडं मी आणलं, बाकीचं त्यांनी आणलं. मग हे आयुष्य देवानं कुणाचा खांदा बघून दिलं? मी त्यांच्यासाठी काय केलं? त्या बाईच्या गावी मी दोनदा जायला निघालो आणि दोनदा अर्ध्या वाटेतून परत आलो, जाऊन काय सांगू, मी कोण म्हणून सांगू, ती असेल का, ह्याच विचारानं. देवळात गेलो की त्यांच्यासाठी हात जोडतो, पण नावं नसल्यामुळं नुसतं म्हणतो, ते मोटेवरचे, ते फाटकवाले, ती ज्वारीतली. देवाला कळत असेल. नसेल कळत तर काय करायचं?

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच. लिहिता लिहिता दुपार झाली. तुला एक सांगायचं आहे, ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. मला दुपारी झोप लागत नाही असं सगळे समजतात, मीही तसंच सांगतो. खरं म्हणजे कुणीतरी जागं असलं की लागते. म्हणून सून भांडी आवरून पडायला निघाली की मी तिला काहीतरी मागतो, कधी पाणी, कधी चष्मा, कधी उगाच म्हणतो दाराशी कोण आलंय बघ. ती चिडते. "आबा, तुमी स्वतः झोपत न्हाईत अन् मला बी झोपू देत न्हाईत," म्हणते. मी ऐकून घेतो. ती पुटपुटत घरात हिंडत राहते, तिच्या बांगड्यांचा आवाज येत राहतो, आणि मग माझा डोळा लागतो.